बाबांचा पाय काढायचा आहे. आधी काय सांगावं, किती सांगावं?

कातळसडा

नमस्कार. देवगड तालुक्यातून लिहितेय. माझ्या वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागणार, असं डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं. वय ६४, शुगर जुनी. बागेत फवारणी चालू असताना तळव्याला काहीतरी टोचलं, ते त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा करंगळी काळी पडली होती. तालुका, जिल्हा, मग गोवा, सगळं करून झालंय. रक्तपुरवठ्याच्या तपासण्या झाल्या, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. त्यामुळे "अजून एकदा कुठेतरी दाखवा" हा सल्ला कृपया देऊ नका. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

माझे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला. काका आणि आत्या म्हणतायत की बाबांना काही सांगायचं नाही. "जखम साफ करायला नेतायत एवढाच सांग, शुद्धीवर इल्यावर बघू." आई काही बोलत नाही, पण तिलाही तेच बरं वाटतंय. मला हे पटत नाही, आणि सांगायचं म्हटलं तर शब्द सापडत नाहीत.

दुसरा. आमच्या वाडीत एका आजोबांचा पाय फार पूर्वी कापलेला. ते रात्री नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो म्हणून ओरडायचे. लोक म्हणायचे पाय नीट पुरला नाही, कोणी म्हणायचं देवचाराचं आहे. देवळात गाऱ्हाणं घातलेलं मला आठवतं. बाबांनी ते सगळं जवळून पाहिलंय. परवा अचानक मला विचारलं, "तेंचो पाय नसताना दुखायचो कसो गो?" म्हणजे त्यांना अंदाज आलेला आहे. त्यांना त्या दुखण्याबद्दल आधीच सांगावं, की उगाच भीती घालू नये?

ज्यांनी हे पाहिलंय किंवा सोसलंय, त्यांनी कृपया लिहा.

आडिवरेकर

ताई, धीर धरा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

कुडाळी_गडी

कातळसडा, मी सोसलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०११ साली हायवेवर अपघात झाला. बाईक माझ्या उजव्या पायावर आणि वरून ट्रकचं चाक. पाय मांडीतून काढावा लागला. मी बेशुद्ध होतो, त्यामुळे आधी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पण शुद्धीवर आल्यावरही कोणी सांगितलं नाही. मला दोन्ही पाय जाणवत होते. उजव्या पायाची बोटं आखडली होती आणि पाऊल कशाखाली तरी चिरडल्यासारखं दुखत होतं, अगदी बाईकखाली अडकलं होतं तसंच. मी सिस्टरना म्हणालो, "पायावरचं काहीतरी काढा." त्या गप्प राहिल्या. भाऊ खिडकीकडे बघत होता. चादर मी स्वतः उचलली.

पाय गेल्याचं दुःख वेगळं, ते होणारच होतं. पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट फक्त मलाच माहीत नव्हती, याचा राग मला कितीतरी जास्त दिवस पुरला. भावाशी मी पुढे बराच काळ नीट बोललो नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पाय नाही हे डोळ्यांना दिसत होतं आणि तो दुखत होता. मला वाटलं डोक्याला मार लागलाय, मी वेडा होतोय. आपल्याकडे लगेच "रत्नागिरीला पाठवा" म्हणतात ना, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, त्याची भीती बसली. म्हणून कोणालाच सांगितलं नाही. रात्री उशी तोंडावर दाबून पडायचो. पुढे कृत्रिम पायाचं माप द्यायला गेलो, तिथल्या माणसाने सहज विचारलं, "जुना पाय अजून दुखतो का?" असं विचारण्यासारखं काही असतं, हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुखणं त्या दिवशी कमी झालं नाही, पण भीती संपली. भीती संपल्यावर झोप लागायला लागली, आणि झोप लागल्यावर दुखणंही उतरलं.

सांगा. बाबांना सगळं सांगा. काका-आत्यांना माझा हा प्रतिसाद वाचून दाखवा.

स्पष्टवक्ता_७२

मला वाटतं हे सगळे मनाचे खेळ आहेत. पाय नाही तर दुखेल काय? मन खंबीर असेल तर असलं काही होत नाही. जुनी माणसं यापेक्षा मोठी दुखणी सोसून शेतात गेली. आधीच सांगून ठेवलंत तर त्यांना तेच जाणवत राहील. माझं मत काकांच्या बाजूने.

भूलवैद्य

स्पष्टवक्ता, तुमच्या प्रतिसादात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली चुकीची आहे. दुसरी विचार करण्यासारखी आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, कोकणातच काम करतो.

आधी पहिली. ही वेदना खरी असते. पाय कापला जातो, पण मेंदूत त्या पायासाठी असलेली जागा कापली जात नाही. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ येऊ शकते, आणि ती नुसती दाबली गेली तरी संदेश सोडते. पाठीच्या कण्यातल्या पेशी दीर्घ वेदनेने इतक्या हळव्या झालेल्या असतात की लहानसा संदेशही मोठा करून वर पाठवतात. वर मेंदूत त्या पायाचा नकाशा शाबूत असतो, तिथे तो संदेश "पायाकडून" आला असं नोंदलं जातं. मेंदूचा नकाशा बदलतो म्हणून दुखतं की तो बदलत नाही म्हणून, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण वेदना कल्पनेतली आहे असं आज कोणीही जाणता डॉक्टर म्हणणार नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोझ पारे या शल्यचिकित्सकाने सैनिकांमध्ये हे पाहून लिहून ठेवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी असे अनेक सैनिक तपासले आणि १८७१ मध्ये या प्रकाराला "फँटम लिंब" हे नाव दिलं. त्यातले पुष्कळ सैनिक रणांगणावर धीराने लढलेले होते. खंबीरपणा कमी पडला म्हणून त्यांना ते झालं नव्हतं.

अवयव गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला तो अवयव "आहे" असं काही काळ जाणवतं. खाज येते, मुंग्या येतात, बोटं वळल्यासारखी वाटतात, पाऊल आखूड होऊन गुडघ्याला चिकटल्यासारखं वाटतं. ही नुसती जाणीव. यातल्या बऱ्याच जणांना, बहुतेक अभ्यासांत निम्म्याहून अधिक लोकांना, कधी ना कधी त्या नसलेल्या भागात वेदनाही होते. जळजळ, करंट, पेटका, चिरडल्यासारखं. अनेकांची ती काळाबरोबर विरळ होते, काहींची राहते. आणि टाक्यांची जागा दुखणं, ज्याला आपण स्टंपचं, म्हणजे कापून उरलेल्या भागाचं दुखणं म्हणतो, ते पुन्हा तिसरंच. या तिन्हींत फरक करून रुग्णाने सांगितलं तर उपचार नेमका होतो, म्हणून तिन्ही आधी माहीत असलेली बरी.

मनाचा संबंध आहे, पण तो असा. चिंता, उदासी, झोप न होणं, "आता सगळं संपलं" हा विचार सतत घोळणं, यामुळे वेदनेची तीव्रता वाढते. हे कुठल्याही जुनाट दुखण्याला लागू आहे. पाठदुखीच्या माणसाला आपण वेडा म्हणत नाही.

आता दुसरी गोष्ट. आधी सांगितलं तर तेच जाणवेल का? ही शंका मलाही सुरुवातीच्या वर्षांत होती. पण विचार करा. ज्यांनी या प्रकाराचं नावही ऐकलेलं नाही, त्यांनाही हे जाणवतं. वर कुडाळी_गडी यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी झालं. जन्मतःच हात किंवा पाय नसलेल्या काही जणांनाही तो जाणवतो. सांगितल्याने हे सुरू होत नाही. मात्र कसं सांगितलं याने फरक पडतो. "फार दुखेल हो, तयारी ठेवा" असं म्हटलं तर माणूस धास्तावतोच. मी साधारण असं सांगतो: "ऑपरेशननंतर पाय तिथेच आहे असं वाटेल. जवळपास सगळ्यांना वाटतं. कधी खाजेल, कधी दुखेलही. दुखलं तर लपवू नका, लगेच सांगा. त्यावर औषधं आहेत, व्यायाम आहेत, आणि आम्ही इथे आहोत." एवढंच. मग थांबतो आणि त्यांना बोलू देतो.

कातळसडा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: बाबांना आत्ता पायात वेदना किती आहे? ऑपरेशनआधी जास्त आणि दीर्घ वेदना असेल तर नंतर अशा वेदनेचा धोका वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे "आता पाय जाणारच आहे, आठवडाभर कळ काढा" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. आजची वेदना आज कमी करायची. तुमच्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनआधी भेटा. पाठीतून किंवा थेट नसेजवळ बारीक नळी ठेवून औषध देता येईल का, ते विचारा. त्याने पुढची फँटम वेदना टळतेच असं म्हणता येत नाही, पुरावे दोन्हीकडचे आहेत. पण पहिले काही दिवस नक्की सुसह्य होतात.

आणि एक कायद्याची बाब. बाबा शुद्धीत आहेत, सज्ञान आहेत. संमतीपत्रावर सही त्यांचीच हवी, आणि कशावर सही करतोय हे त्यांना समजलेलं हवं. "जखम साफ करायला" म्हणून नेऊन पाय काढणं बरोबर नाही, घरच्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

स्पष्टवक्ता_७२

सविस्तर उत्तराबद्दल आभार, डॉक्टर. वेदनेबद्दलचं माझं मत बदललं. घरच्यांनी न सांगण्यामागे माया असते, एवढं मात्र मला अजूनही म्हणायचं आहे.

कातळसडा

माया आहेच, त्याबद्दल शंका नाही. काका रात्रभर दवाखान्याच्या बाकावर झोपतायत.

भूलवैद्य, बाबांना वेदना खूप आहे. विशेषतः रात्री. पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं म्हणतात. उद्याच विचारते.

हर्णै_बंदर

माझ्या मामूंचा हात ट्रॉलरच्या विंचमध्ये गेला. वायररोपमध्ये बाही अडकली आणि तांडेलाने मशीन बंद करेपर्यंत कोपरापर्यंत गेलेला. किनाऱ्यावर यायलाच कित्येक तास लागले. हात काढला.

त्यांची मूठ आवळलेली राहायची, नसलेल्या हाताची. नखं तळव्यात रुततायत असं म्हणायचे. उघडायचा प्रयत्न केला तरी उघडायची नाही. त्यांना वाटायचं की हात मशीनमध्ये मूठ आवळून गेला म्हणून तो कायम तसाच राहणार.

मला इथे एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे, कारण ती कोणी विचारत नाही. काढलेला हात गेला कुठे? मामू सारखं हेच विचारायचे. आमच्याकडे तो भाग दफन करण्याची रीत आहे. घरच्यांनी धावपळ करून रुग्णालयाकडून लेखी परवानगी घेतली आणि कब्रस्तानात दफन केला. मामूंना हे कळल्यावर ते पहिल्यांदा शांत झोपले. दुखणं थांबलं नाही, पण "कुठे आहे" हा प्रश्न थांबला. तुमच्या वाडीतल्या आजोबांबद्दल लोक "नीट पुरला नाही" म्हणायचे ना? त्यामागेही हाच प्रश्न असावा. बाबांना आधीच विचारा की त्यांना काय हवं आहे.

सिस्टर_रातपाळी

हर्णै_बंदर यांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. सर्जिकल वॉर्डात नोकरी केली आहे. रुग्ण हे डॉक्टरांना विचारत नाहीत, रात्री आम्हाला विचारतात. नियमाप्रमाणे काढलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार जाळला किंवा खोल पुरला जातो. कुटुंबाला तो हवा असेल तर ऑपरेशनच्या आधीच रुग्णालयाशी बोला, ऐनवेळी नको. नको असेल तरी रुग्णाला खरं उत्तर द्या. "तू तो विचार करू नको" हे उत्तर नाही.

आणखी काही, घाईत लिहितेय, ड्युटी आहे.

ऑपरेशनच्या आधी त्यांना पायाजवळ थोडा वेळ एकटं राहायचं असेल तर राहू द्या. कोणी जखम सोडून बाकी पायाला हात लावतं, कोणी फोटो काढून घेतं, कोणी बघतही नाही. तिन्ही चालतं.

स्टंप पहिल्यांदा बघताना जबरदस्ती नको. बघायचा दिवस त्यांना ठरवू दे, पण फार लांबवूही नका. घरच्यांनी स्वतः आधी बघून घ्या, म्हणजे त्यांच्यासमोर तुमचा चेहरा उतरणार नाही. रुग्ण जखमेपेक्षा बायकोच्या चेहऱ्याकडे जास्त बघत असतो.

रात्री पडतात! हे सगळ्यात महत्त्वाचं. पाय आहे असं इतकं खरं वाटतं की अर्धवट झोपेत लघवीला उठतात आणि त्या पायावर उभे राहतात. टाके उसवतात, मांडीचं हाड मोडतं. पलंगाजवळ भांडं ठेवा, दिवा चालू ठेवा, पहिले काही आठवडे कोणीतरी खोलीतच झोपा. आणि हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे पडल्यावर शरम वाटणार नाही.

मीरा_फिजिओ

सिंधुदुर्गात फिजिओथेरपिस्ट आहे. हर्णै_बंदर, तुमच्या मामूंच्या आवळलेल्या मुठीवर उपाय आहे, आणि तो शोधणारा माणूस मूळचा तमिळनाडूचा. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात असेच रुग्ण पाहिले. त्यांनी एक साधी पेटी केली, मध्ये उभा आरसा. चांगला हात आरशासमोर, उरलेला दंड आरशाच्या मागे. आरशात बघितलं की दोन्ही हात आहेत असं डोळ्यांना दिसतं. मग चांगल्या हाताची मूठ हळू उघडायची. डोळ्यांना दुसरी मूठही उघडताना दिसते, आणि काही जणांची ती नसलेली मूठ खरोखर सैल होते. मेंदू हाताला हुकूम सोडत असतो, आणि "झालं" असं उत्तर परत येत नसतं. आरसा ते उत्तर डोळ्यांवाटे देतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

पायासाठीही हे होतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात पाय गेलेल्या सैनिकांवर छोटा अभ्यास झाला. रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरशासमोर व्यायाम करणाऱ्यांची वेदना उतरली. झाकलेल्या आरशासमोर किंवा नुसत्या कल्पनेने व्यायाम करणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. मात्र अभ्यास लहान होता. नंतरच्या अभ्यासांत निकाल संमिश्र आले आहेत. माझ्या अनुभवात काहींना खूप फरक पडतो, काहींना थोडा, काहींना अजिबात नाही. पैसे जवळजवळ लागत नाहीत, म्हणून करून बघावं हे माझं मत.

कातळसडा, घरी कसं करायचं ते लिहिते. कपाटाच्या दाराचा आरसा उपयोगाचा नाही, सुटा हवा. पायाच्या लांबीचा. काचेपेक्षा अॅक्रिलिकचा घ्या, हलका असतो आणि फुटत नाही. बाबांना पलंगावर पाय लांब करून बसवा. आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा, तोंड उजव्या म्हणजे चांगल्या पायाकडे. स्टंप मागे, दिसता कामा नये. पायात काळा दोरा वगैरे असेल तर सोडा, दोन्ही पाय सारखे दिसले पाहिजेत. मग पाऊल वर-खाली, घोटा गोल, बोटं मिटणं-उघडणं, सगळं सावकाश. आरशातल्या पायाकडे बघत. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे.

पहिल्यांदा आरशात पाय दिसल्यावर काही जण हमसून रडतात. काहींना गरगरतं, क्वचित दुखणं वाढतं. तसं झालं तर थांबा आणि तुमच्या फिजिओंना सांगा. पहिल्या वेळी वाडीतले दहा जण बघायला उभे नकोत. दार लावून घ्या.

आरशाआधीच्या गोष्टी: गुडघ्याखाली उशी ठेवू नका. माया म्हणून सगळेच ठेवतात, आणि गुडघा वाकलेलाच राहतो. मग कृत्रिम पाय बसवणं अवघड होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून थोडा वेळ पालथं झोपवा. जखम पूर्ण भरली की स्टंपला आधी मऊ कापसाने, मग सुती फडक्याने, मग टॉवेलने हलकं चोळायचं, म्हणजे तिथला हळवेपणा कमी होतो. पट्टी कशी बांधायची ते वॉर्डातून सुटण्याआधी शिकून घ्या, घरातल्या दोघांनी तरी.

आणि उजव्या पायाकडे लक्ष! शुगरवाल्या माणसाचा एक पाय गेला की दुसऱ्यावर सगळा भार येतो. रोज रात्री तळवा बघा, बोटांच्या बेचक्या बघा. खळ्यात, बागेत, देवळाच्या वाटेवर, कुठेही अनवाणी नाही. एमसीआरची, म्हणजे शुगरवाल्यांसाठीच्या मऊ रबराची चप्पल मिळते ती घ्या. तंबाखू किंवा विडी असेल तर ती आजच बंद, जखम भरण्यात तिचा थेट अडथळा आहे.

चाकरमानी_डोंबिवली

खूप माहितीपूर्ण धागा. एक विचारू का? माझ्या सासऱ्यांना पाऊस सुरू झाला की नसलेला पाय जास्त दुखतो, ते गावी असतात, संगमेश्वरला. आम्हाला वाटायचं बहाणा करतात. शिवाय लघवीला बसले की कळ येते म्हणतात.

भूलवैद्य

बहाणा नाही. हवा बदलली की वाढतं असं अनेक रुग्ण सांगतात. लघवी-शौचाच्या वेळी कळ येणंही नोंदवलेलं आहे. त्यांना वेदनेच्या डॉक्टरांकडे न्या. नसांच्या वेदनेवरची औषधं असतात, गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अॅमिट्रिप्टिलिन यासारखी. प्रत्येकाला लागू पडतात असं नाही, आणि वयस्कर माणसाला गुंगी येऊन तोल जाऊ शकतो, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. मेडिकलमधून परस्पर आणू नका. अॅमिट्रिप्टिलिन ही उदासीवरची गोळी आहे म्हणून घरचे घाबरतात. नसांच्या वेदनेसाठी ती कमी मात्रेत देतात, हे सासऱ्यांनाही समजावून सांगा.

कातळसडा

काल बाबांना सांगितलं. लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

आधी काकांना कुडाळी_गडी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते मधेच उठून बाहेर गेले. परत आले आणि म्हणाले, "तू सांग. मी बाजूक बसतंय."

मी आधी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतंय, डॉक्टर काय करणार आहेत?" ते लगेच म्हणाले, "पाय काढतले. माका ठावक आसा. तुमी सगळी माझ्यासमोर इतकी गोड बोलतास, तेव्हाच समाजला." इतके दिवस ते एकटे हे घेऊन पडले होते, आणि आम्ही समजत होतो की आम्ही त्यांना वाचवतोय.

मग त्यांनीच विचारलं. पाय कुठे जाणार? मी खरं सांगितलं. घेऊन जायचा का विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले नको, थंयच काय ता करूंदेत, पण आधी गावच्या देवाक एक नारळ ठेव. काकांनी आज ठेवला. गाऱ्हाण्यात त्या आजोबांचंही नाव घेतलं म्हणे.

मग त्या आजोबांच्या दुखण्याचं विचारलं. मेंदूतली जागा तशीच राहते, हे सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे तो म्हातारो खोटा बोलत नाय होतो." त्यांच्या वाडीतल्या बरोबरीच्या लोकांनी त्या आजोबांची पुष्कळ चेष्टा केली होती. बाबांना त्याचं वाईट वाटलं. स्वतःच्या पायापेक्षा जास्त, असं मला त्या क्षणी वाटलं.

भूलतज्ज्ञांना भेटले. वेदनेचं औषध वाढवून दिलंय, काल रात्री बाबा चार तास सलग झोपले. नसेजवळच्या नळीचं ते ऑपरेशनच्या दिवशी करणार आहेत.

त्यांची खरी भीती वेगळीच निघाली. मोहोराच्या वेळी बागेत कोण जाणार. आमची कलमं उतारावर आहेत, कातळातून पायवाट.

कुडाळी_गडी

बाबांना माझा नमस्कार सांगा. बागेचा प्रश्न त्यांनी विचारला हे फार चांगलं लक्षण आहे. माणूस पुढचा हंगाम बघतोय.

मी जयपूर फूट वापरतो. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरांनी मिळून तो बनवला, आपल्या लोकांचं जगणं बघून. उकिडवं बसता येतं, चिखलात चालतो, बूट लागत नाही. गुडघ्याखालचा पाय असेल तर चालणं माझ्यापेक्षा पुष्कळ सोपं, कारण गुडघा स्वतःचा असतो. पण घाई नको. जखम भरून सूज उतरल्याशिवाय माप घेत नाहीत, शुगरमध्ये त्याला जास्त वेळ लागतो. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, तिथे नागरिकांनाही घेतात. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढून ठेवा.

उतारावर मी अजून जपून चालतो, पावसात शेवाळ असेल तर जातच नाही. बाबा सगळी बाग पूर्वीसारखी फिरतील असं मी सांगणार नाही. झाडाखाली उभं राहून गड्यांना सांगणं, काढणी बघणं, पेटी भरणं हे सगळं होईल.

मी एकदा भेटायला येऊ का? ऑपरेशनच्या आधी आलो तर जास्त बरं. मला त्या वेळी पाय नसलेला एक माणूस चालताना दिसला असता तर पुष्कळ फरक पडला असता. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मीरा_फिजिओ

कुडाळी_गडी, जरूर जा. आम्ही शंभर वेळा सांगितलेलं एका बाजूला आणि तुम्ही पँट वर करून पाय दाखवणं एका बाजूला.

कातळसडा

बरेच दिवसांनी लिहितेय. ऑपरेशन झालं, बाबा घरी आहेत.

कुडाळी_गडी आले होते. बाबांनी त्यांना तासभर सोडलं नाही. पाय काढून दाखवायला सांगितला, पट्टे ओढून बघितले, जिने कसे चढता ते करून दाखवायला लावलं. ऑपरेशनला जाताना बाबा आईला म्हणाले, "परत येतंय, एका पायान."

फँटमचं: दुसऱ्याच दिवशी टाच खाजायला लागली. आम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "इलो बघ पाय." वेदना पहिल्या आठवड्याच्या शेवटी सुरू झाली. करंगळीतच, जी काळी पडली होती. करंटसारखी, येते आणि जाते. रात्री जास्त. गोळी चालू आहे. आरसा आणलाय, दुपारी दार लावून करतो. पहिल्या दिवशी ते रडले. आता आरशात पाय हलवताना करंगळी "मोकळी होते" म्हणतात, पण परत आवळते. पूर्ण गेलेलं नाही, हे खरं खरं लिहितेय, कारण इतर कोणी वाचून आरशाकडून जादूची अपेक्षा करू नये.

मनाने मात्र दिवस सारखे नसतात. मधले काही दिवस त्यांनी जेवण कमी केलं, बागेचं नावही काढलं नाही, एकदा म्हणाले माझा उपयोग काय आता. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. जायला एक दिवस मध्ये होता, त्या रात्री आम्ही १४४१६ ला फोन केला, टेलिमानसला. मराठीत बोलले, बाबांशी आणि आईशी वेगवेगळं. फोन मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. आता बरे आहेत. सिस्टर_रातपाळी, तुमच्यामुळे आम्ही खोलीत झोपत होतो. एका रात्री ते खरंच उठून उभे राहायला निघाले होते, काकांनी धरलं.

राजापूरची_गंगा

हा धागा आज सापडला. माझ्या आईचा पाय उद्या सकाळी काढणार आहेत. जंतुसंसर्ग वर चढतोय, वेळ नाही. ती शुद्धीत आहे पण थकलेली आहे, जास्त ऐकून घेणार नाही. एवढ्यात मी तिला नेमकं काय सांगू?

सिस्टर_रातपाळी

तीनच गोष्टी, मोजक्या शब्दांत, तिचा हात धरून. पाय काढणार आहेत, तुझा जीव वाचवायला. उठल्यावर पाय आहे असं वाटेल, दुखेलही, तसं सगळ्यांना होतं, आम्हाला सांग. मी तिथेच असेन. मग ती काही विचारते का बघा. विचारलं तेवढंच सांगा. बाकीचं ऑपरेशननंतर, ती ताजी झाल्यावर. भूलतज्ज्ञ रात्री तपासायला येतील तेव्हा वेदनेचं बोलून घ्या.

कुडाळी_गडी

आणि ती शुद्धीवर येईल तेव्हा खिडकीकडे बघू नका, तिच्याकडे बघा. व्यनित नंबर देतोय. रात्री कितीही वाजता फोन करा, मी जागा असतो.